'सीडी' कुठे राहतो? शेलचे अंगभूत आदेश, युनिक्सपासून ईमॅक्समधल्या ईशेलपर्यंत

टर्मिनलमध्ये रोज टाइप होणाऱ्या दोन आदेशांपासून सुरुवात करू. 'एलएस' टाइप केलं की डिरेक्टरीतल्या फाइलींची यादी दिसते. 'सीडी' टाइप केलं की आपण एका डिरेक्टरीतून दुसरीत जातो. (सीडी म्हणजे चेंज डिरेक्टरी. गाण्यांची तबकडी नव्हे. पण ती पाहिलेले विद्यार्थीच आता कमी उरलेत.) दिसायला दोघं सख्खे भाऊ. पण 'एलएस' हा डिस्कवर ठेवलेला एक स्वतंत्र प्रोग्राम आहे, त्याची फाइल बोट ठेवून दाखवता येते. 'सीडी'ची अशी फाइल बहुतेक लिनक्स मशीनवर सापडणारच नाही. तो शेलच्या, म्हणजे आपण टाइप केलेली ओळ वाचून ती अंमलात आणणाऱ्या प्रोग्रामच्या, पोटात असतो. अशा आदेशांना बिल्ट-इन किंवा अंगभूत आदेश म्हणतात.

आता प्रश्न: काही आदेश पोटात आणि काही बाहेर, ही वाटणी कोणी आणि कशासाठी केली?

परीक्षेच्या तयारीत याचं एक पाठ केलेलं उत्तर असतं. अंगभूत आदेशासाठी नवी प्रोसेस सुरू करावी लागत नाही, त्यामुळे तो जलद चालतो, म्हणून तो अंगभूत. उत्तर चुकीचं नाही, मार्कही मिळतील. पण संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. एखाद्या गोष्टीचा आज होणारा फायदा आणि ती गोष्ट मुळात का घडली, ही दोन वेगळी उत्तरं असतात. इतिहास लिहिताना पहिलं उत्तर दुसऱ्याच्या जागी अगदी नकळत येऊन बसतं. शेलच्या बाबतीत हे तपासून पाहता येतं, कारण पुरावा उपलब्ध आहे आणि तो वाचायलाही मजा येते.

पुराव्यातला पहिला कागद डेनिस रिची यांचा. युनिक्सच्या दोन मुख्य निर्मात्यांपैकी ते एक, दुसरे केन थॉम्प्सन. युनिक्सची वाढ कशी झाली यावर रिचींनी १९७९ मध्ये सिडनीच्या एका परिषदेत निबंध वाचला. त्यात १९६९ च्या सुमाराची, बेल लॅब्जमधल्या पीडीपी-७ या मशीनवरची परिस्थिती ते सांगतात. मशीनला दोन टर्मिनल जोडलेली, आणि प्रोसेसही दोनच, प्रत्येक टर्मिनलला एक. तुम्ही आदेश दिला की शेल त्या आदेशाचा प्रोग्राम मेमरीत स्वतःच्याच जागेवर आणून बसवायचा. म्हणजे शेल स्वतः पुसला जायचा. आदेशाचं काम संपलं की शेलची ताजी प्रत पुन्हा त्याच जागी यायची. भाडेकरू बदलत राहतात, खोली तीच, असा प्रकार.

या व्यवस्थेत डिरेक्टरी बदलण्याचा आदेश (तेव्हा त्याचं नाव 'सीएचडिर') हा इतरांसारखाच एक साधा, बाहेरचा प्रोग्राम होता आणि व्यवस्थित चालत होता. कारण 'आपण सध्या कोणत्या डिरेक्टरीत आहोत' ही नोंद प्रोसेसची, आणि प्रोसेस एकच. आदेशाने नोंद बदलली, नंतर शेल परत आला, नोंद बदललेलीच.

मग 'फोर्क' आला. फोर्क म्हणजे चालू प्रोसेसची हुबेहूब प्रत काढणं. आता शेल स्वतः पुसला जात नाही. तो एक मूल-प्रोसेस काढतो, आदेश त्या मुलाकडून करून घेतो आणि स्वतः थांबून राहतो. ही सोय पीडीपी-७ वर असेंब्ली भाषेच्या नेमक्या २७ ओळींत बसली, असं रिची नोंदवतात. एवढ्या छोट्या बदलाने युनिक्सचा चेहराच बदलला. आणि त्याच दिवसांत लक्षात आलं की 'सीएचडिर' चालेनासा झाला आहे.

कोड पुन्हा पुन्हा वाचला गेला. फोर्कने हे कसं काय बिघडवलं, यावर बराच खल झाला. अखेर उलगडा झाला की बिघडलेलं काहीच नाही. आदेश त्याचं काम चोख करत होता: मूल-प्रोसेसची डिरेक्टरी बदलत होता. फक्त ते मूल काम संपताच संपून जायचं आणि आई-प्रोसेस, म्हणजे शेल, जिथल्या तिथे. मुलगा पुण्याला जाऊन आला म्हणून घरी बसलेले वडील पुण्याला पोचत नाहीत, इतकी सरळ गोष्ट. उपाय एकच होता: हे काम मुलाला सांगायचं नाही, शेलने स्वतः करायचं. 'सीएचडिर' शेलच्या आत गेला. पुढे युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) त्याचं नाव 'सीडी' झालं.

लक्षात घ्या, यात वेगाचा विचार कुठेच नाही. हा आदेश आत गेला कारण त्याला जी गोष्ट बदलायची होती ती शेलच्या मालकीची होती, आणि दुसऱ्याच्या मालकीची गोष्ट बाहेरून बदलता येत नाही.

एक सावधगिरी इथेच नोंदवतो. रिचींचा निबंध ही घटनेनंतर दहा वर्षांनी सांगितलेली आठवण आहे, आणि सांगणारा त्या घटनेतलाच माणूस आहे. असा स्रोत अमूल्य असतो, पण एकट्यावर भिस्त ठेवू नये. सुदैवाने दुसऱ्या प्रकारचा पुरावा आहे. जुन्या युनिक्स आवृत्त्यांचा कोड २००२ मध्ये काल्डेरा कंपनीने खुल्या परवान्याखाली मोकळा केला. सहाव्या आणि सातव्या आवृत्तीचा कोड आणि माहितीपुस्तिका आज कोणीही वाचू शकतं.

सहाव्या आवृत्तीची (१९७५) पुस्तिका उघडली की पहिला धक्का 'गोटू'चा बसतो. स्क्रिप्टमध्ये एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर उडी मारणारा हा आदेश. आजच्या डोळ्याने पाहिलं तर हा शेलच्या अगदी आतला असायला हवा, कारण पुढची ओळ कोणती वाचायची हे शेल ठरवतो. पण थॉम्प्सनच्या शेलमध्ये 'गोटू' बाहेरचा प्रोग्राम होता. 'इफ'सुद्धा बाहेरचा. मग मुलाने मारलेली उडी आईला कशी लागू व्हायची?

याचं उत्तर पुन्हा रिचींच्याच निबंधात सापडतं, वेगळ्या गोष्टीच्या ओघात. फोर्क आल्यावर दुसरीही एक अडचण उभी राहिली होती, फक्त ती उशिरा लक्षात आली. उघडलेल्या फाइलीत आपण कितव्या अक्षरापर्यंत पोचलो आहोत, याची नोंद आधी प्रत्येक प्रोसेसजवळ असायची. त्यामुळे एका स्क्रिप्टमध्ये दोन आदेश लागोपाठ एकाच फाइलीत लिहायला लागले की दुसरा पहिल्याच्या लिखाणावरच लिहायचा. यावर उपाय म्हणून ती नोंद प्रोसेसमधून काढून एका सामाईक तक्त्यात ठेवली गेली. आता आई आणि मूल एकच नोंद वापरतात. मुलाने वाचत वाचत पुढे सरकवलं की आईचीही जागा सरकते. 'गोटू' नेमकं हेच करायचा: स्क्रिप्टची फाइल सुरुवातीपासून वाचत, हवी ती खूण सापडली की तिथे थांबायचा आणि संपायचा. शेल पुढची ओळ वाचायला जायचा तर ती खुणेनंतरची असायची. बाहेरच्या प्रोग्रामने आतल्याचं काम केलं, तेही शेलला न कळू देता.

या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवतो तेव्हा मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. फोर्कनंतर दोन नोंदींचा प्रश्न आला. फाइलीतली जागा ही नोंद सामाईक केली गेली, म्हणून 'गोटू' बाहेर राहू शकला. चालू डिरेक्टरी ही नोंद प्रोसेसजवळच ठेवली गेली, म्हणून 'सीएचडिर'ला आत यावं लागलं. म्हणजे आत-बाहेरची वाटणी आदेशाच्या स्वभावावरून ठरली नाही. कोणती नोंद कोणाच्या ताब्यात, यावरून ठरली. डिरेक्टरीची नोंदही सामाईक तक्त्यात गेली असती तर कदाचित आज 'सीडी' नावाची फाइल 'एलएस'च्या शेजारी सुखाने नांदत असती. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण पुराव्याच्या जवळचा तर्क आहे.

आता वेगाकडे येऊ. सातव्या आवृत्तीत थॉम्प्सनच्या शेलच्या जागी स्टीफन बॉर्न यांचा शेल आला. त्याच्या पुस्तिकेत अंगभूत आदेशांची यादी आहे. 'सीडी' आहे, 'एक्झिट' आहे, 'एक्स्पोर्ट', 'रीड', 'सेट', 'शिफ्ट', 'ट्रॅप', 'उमास्क', 'वेट' आहेत. एकेक तपासा. प्रत्येकजण शेलचीच कुठली तरी गोष्ट बदलतो किंवा विचारतो: चल, परवानग्या, मुलांची वाट पाहणं, बाहेर पडणं. आणि यादीत काय नाही? 'इको' नाही, 'टेस्ट' नाही. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला पावलोपावली लागणारे हे दोन आदेश. वेग हेच पहिलं कारण असतं तर सर्वांत आधी हेच आत आले असते. ते आत आले नंतरच्या आवृत्त्यांत, आणि तेव्हा कारण खरोखरच वेगाचं होतं, कारण छापायच्या प्रत्येक ओळीसाठी नवी प्रोसेस काढणं महाग पडत होतं. म्हणजे पाठ्यपुस्तकातलं उत्तर खरं आहे, फक्त दुसऱ्या पिढीच्या आदेशांसाठी. (यादीत एक नुसता अपूर्णविरामही आहे. काहीच न करणारा आदेश. तो जुन्या 'गोटू'च्या खुणेचा अवशेष. 'गोटू' गेला, त्याची खूण मात्र आजही प्रत्येक शेलमध्ये आहे.)

ज्यांनी कधीकाळी डॉस शिकलंय त्यांना 'इंटर्नल कमांड, एक्स्टर्नल कमांड' ही जोडी आठवत असेल. 'डिर', 'कॉपी', 'डेल' आतले. 'फॉरमॅट', 'चेकडिस्क' बाहेरचे. तिथे फ्लॉपीचं गणित होतं: आतले आदेश मेमरीत असल्याने ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये नसली तरी चालायचे. शब्द तेच, कारण वेगळं. तुलना करताना शब्दांच्या सारखेपणाने फसायचं नाही, एवढंच.

आणि एक गंमत. पॉझिक्स या मानकानुसार 'सीडी'सारखे काही आदेश शेलच्या बाहेरूनही चालवता यायला हवेत. म्हणून मॅकवर 'सीडी' नावाची एक चिमुकली स्क्रिप्ट खरोखर ठेवलेली आहे. ती चालते, स्वतःची डिरेक्टरी बदलते आणि संपते. तुम्ही जिथे होता तिथेच. पीडीपी-७ वर ज्याने डोकं खाल्लं होतं तेच वर्तन आज मानकाच्या नावाने जपून ठेवलंय.

इथून ईमॅक्सकडे वळू, कारण हीच 'सीडी'ची गोष्ट तिथे पुन्हा एकदा घडली, एका मजल्याने वर.

ईमॅक्स हा मजकूर संपादक, म्हणजे टेक्स्ट एडिटर. १९७६ च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत टेको या एडिटरच्या मॅक्रोंमधून तो तयार झाला. रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील ही त्यातली मुख्य नावं. आज आपण वापरतो तो ग्नू ईमॅक्स स्टॉलमननी १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. याचा बराचसा भाग लिस्प भाषेत लिहिलेला असतो आणि चालू असतानाच तो बदलता येतो. त्यामुळे ईमॅक्स वापरणाऱ्यांची एक सवय ठरलेली: ईमॅक्समधून बाहेरच पडायचं नाही. पत्र, फाइली, कंपायलर, सगळं आत. मग शेलसुद्धा आत हवा.

पहिली पद्धत सरळ होती. ईमॅक्स स्वतःची एक मूल-प्रोसेस म्हणून खराखुरा शेल सुरू करतो आणि त्याचं बोलणं एका बफरमध्ये दाखवतो. (बफर म्हणजे ईमॅक्समध्ये उघडलेला मजकुराचा एक कप्पा.) यामागचं कॉमिंट नावाचं पायाभूत काम ओलिन शिव्हर्स यांनी १९८८ मध्ये केलं. शेलमध्ये टाइप करताना एडिटरची सगळी ताकद हाताशी: मागचं शोधा, कापा, चिकटवा. फार सुंदर.

पण ईमॅक्समध्ये प्रत्येक बफरला स्वतःची 'चालू डिरेक्टरी' असते, लिस्पमधल्या एका चलात ठेवलेली. तुम्ही शेल बफरमध्ये 'सीडी' टाइप केलं. डिरेक्टरी बदलली ती मूल-प्रोसेसची, म्हणजे शेलची. ईमॅक्सला पत्ताच नाही. आता तुम्ही ईमॅक्सला फाइल उघडायला सांगितली की तो जुन्याच डिरेक्टरीत शोधणार. आई घरी, मूल पुण्याला. १९७० च्या आगेमागे शेल ज्या जागी उभा होता, त्या जागी आता ईमॅक्स उभा राहिला.

यावर काढलेली तोड वाचण्यासारखी आहे. तुम्ही टाइप केलेल्या ओळींवर ईमॅक्स नजर ठेवतो. ओळीत 'सीडी', 'पुशडी' किंवा 'पॉपडी' दिसलं की 'हा बहुतेक तिकडे गेला असणार' असा अंदाज बांधून आपलं चल बदलतो. अंदाज अर्थातच चुकतो. तुम्ही 'सीडी'ला टोपणनाव दिलं असेल, किंवा एखाद्या फंक्शनच्या आत लपवलं असेल, तर ईमॅक्स फसतो. मग 'डर्स' नावाचा वेगळा आदेश देऊन शेललाच विचारावं लागतं की बाबा, तू नक्की आहेस कुठे. कोडमधली टिप्पणीही प्रांजळ आहे: अचूक उपायाच्या मागे लागून त्रास करून घेऊ नका, बहुतेक वेळा चालेल अशा युक्तीवर समाधान माना, असा तिचा सूर. कोडमधल्या टिप्पण्या हा इतिहासाचा स्रोत म्हणून मला फार मोलाचा वाटतो. निबंधात माणूस आपली शहाणी बाजू दाखवतो. टिप्पणीत तो वैतागलेला सापडतो.

ईशेलची पार्श्वभूमी ही. जॉन विग्ली यांनी तो लिहिला. कोडच्या माथ्यावर स्वामित्वहक्काचं पहिलं वर्ष १९९९ आहे आणि ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या ईमॅक्स २१ मध्ये तो सामील झाला. (हेच विग्ली पुढे आदेशांच्या ओळीवर चालणाऱ्या लेजर या हिशोबाच्या प्रोग्रामसाठी ओळखले गेले, आणि २०१५ मध्ये ईमॅक्सच्या देखभालीची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.) त्यांचा मार्ग मुळापासून वेगळा होता: मूलच काढायचं नाही. ईशेल पूर्णपणे लिस्पमध्ये लिहिलेला आहे. त्याच्यामागे बॅश नाही, दुसरा कुठला शेल नाही. तुम्ही टाइप केलेली ओळ ईमॅक्स स्वतः वाचतो, तिचं लिस्पमध्ये रूपांतर करतो आणि चालवतो. बाहेरची प्रोसेस निघते ती तुम्ही बाहेरचा प्रोग्राम मागितला तरच.

मग 'सीडी'चं काय होतं? ईशेलमध्ये 'सीडी' हे एक लिस्प फंक्शन आहे आणि ते थेट त्या बफरचं चल बदलतं. विचारायला दुसरं कोणी नाही, अंदाज बांधायला काही नाही. शिवाय एक गोष्ट हळूच बदलली आहे. युनिक्समध्ये चालू डिरेक्टरी प्रोसेसची होती. इथे ती बफरची झाली. एकाच ईमॅक्समध्ये दोन ईशेल बफर उघडा, प्रोसेस एकच, पण दोघांच्या डिरेक्टऱ्या वेगळ्या. नोंदीचा मालक बदलला आणि तीस वर्षांचा जुना घोळ, निदान या एका आदेशापुरता, संपला.

ईशेलमध्ये अंगभूत आदेश ओळखायची पद्धत साधी आहे. 'ईशेल', मग तिरपी रेघ, मग आदेशाचं नाव, अशा नावाचं लिस्प फंक्शन असेल तर तो आदेश अंगभूत. तुम्हीही असं एक फंक्शन लिहिलंत की तुमचा आदेश इतरांच्या पंगतीला बसला, शेल पुन्हा बांधायची गरज नाही. 'विच' आदेशाला नाव दिलं की ते लिस्प फंक्शन आहे की डिस्कवरचा प्रोग्राम, हे तो सांगतो. नाव शोधण्याचा क्रमही ठरलेला: आधी तुम्ही दिलेली टोपणनावं, मग अंगभूत, मग डिस्कवरचे प्रोग्राम, आणि तिथेही नसेल तर त्या नावाचं कुठलंही लिस्प फंक्शन. बाहेरचाच प्रोग्राम हवा असेल तर नावाआधी तारांकन लावायचं.

आता या अंगभूतांची यादी वाचताना तोच जुना प्रश्न विचारा: हे आत का? 'सीडी', 'एलियस', 'हिस्टरी', 'उमास्क' यांचं कारण ओळखीचं आहे, नोंदी शेलच्याच आहेत. पण 'एलएस', 'आरएम', 'एमव्ही', 'सीपी', 'कॅट', 'एमकेडिर' हेही लिस्पमध्ये पुन्हा लिहिलेले आहेत. यांच्यासाठी मालकीची सक्ती नाही. वेग? मोठ्या डिरेक्टरीची यादी लिस्पमध्ये तयार करणं हे सी भाषेतल्या 'एलएस'पेक्षा जलद होईल अशी अपेक्षा कोणी ठेवणार नाही. म्हणजे ना सक्ती, ना वेग. इथे तिसरंच कारण आहे, आणि ते कळायला 'आरएम' पाहावा.

युनिक्सचा 'आरएम' फाइल काढून टाकतो. ईशेलचा 'आरएम' त्याला काय दिलंय ते बघतो. फाइलीचं नाव दिलं तर फाइल पुसतो. बफर दिला तर बफर बंद करतो. प्रोसेस दिली तर तिला मारतो. लिस्पचं चिन्ह दिलं तर ते चिन्हांच्या तक्त्यातून काढतो. एका क्रियापदाला ईमॅक्सच्या जगातली सगळी कर्मं मिळाली. 'डिफ' दोन फाइलींमधला फरक ईमॅक्सच्या फरक दाखवणाऱ्या बफरमध्ये मांडतो. 'ग्रेप'चे निकाल अशा बफरमध्ये येतात की ओळीवर गेलं की मूळ फाइल त्या जागी उघडते. 'मॅन' पुस्तिकेचं पान ईमॅक्समध्येच आणतो. हे आदेश आत आले ते एडिटरच्या वस्तूंपर्यंत त्यांचा हात पोचावा म्हणून.

दुसरा फायदा दूरच्या मशीनचा. लिस्पमधला 'एलएस' डिस्कला स्वतः हात लावत नाही, तो ईमॅक्सच्या फाइल-फंक्शनांना विचारतो. आणि ती फंक्शनं फाइल कुठे आहे याची फिकीर स्वतः करतात. आधी एफटीपीसाठी एंज-एफटीपी होतं. २००७ च्या ईमॅक्स २२ पासून ट्रॅम्प सोबतच येऊ लागलं. त्यामुळे ईशेलमध्ये दूरच्या सर्व्हरचा पत्ता देऊन 'सीडी' करता येतं, मग 'एलएस' तिथली यादी देतो, आणि 'सीपी' एका मशीनवरची फाइल दुसऱ्यावर नेतो. शिवाय ज्या काळात विंडोजवर 'एलएस' आणि 'आरएम' मुळात मिळत नसत, तेव्हाही ईशेलमध्ये ते होते, कारण ते ईमॅक्सबरोबरच येत होते.

इथे संशोधन करणाऱ्यांच्या कामाची एक गोष्ट आहे. ईशेलच्या 'एलएस'ला तुम्ही असा पर्याय दिला जो त्याला माहीत नाही, तर तो तक्रार न करता बाहेरच्या 'एलएस'ला बोलावतो. म्हणजे ओळीत नाव एकच, पण एका पर्यायाने तुम्ही लिस्पचा प्रोग्राम चालवता आणि दुसऱ्याने सी भाषेतला. 'कॅट'ही पाइपमध्ये असला की बाहेरच्याला पुढे करतो. 'इको' तर आणखी पुढे: त्याला एकाहून जास्त शब्द दिले की तो मूळ सेटिंगमध्ये साधी ओळ न छापता लिस्पची यादी छापतो, कारण त्याचं उत्तर दुसऱ्या लिस्प फंक्शनला वापरता यावं हा हेतू. बॅशमध्ये चालणारी ओळ ईशेलमध्ये वेगळंच देऊ शकते, ती इथे. प्रबंधाच्या पद्धती-विभागात 'अमुक आदेशाने माहिती गाळली' एवढंच लिहिलेलं मी बरंच वाचतो. आदेशाचं नाव म्हणजे प्रोग्रामची ओळख नव्हे. कोणता शेल, कोणती आवृत्ती, आदेश आतला की बाहेरचा, हे लिहिल्याशिवाय दुसऱ्याला ते काम जसंच्या तसं करता येत नाही. 'विच'चं उत्तर वहीत उतरवून ठेवायला दहा सेकंद लागतात.

ईशेलने या रचनेची किंमतही मोजली, आणि ती त्याचे चाहते कधीकधी हळू आवाजात सांगतात. लिस्पमधला आदेश चालू असताना ईमॅक्स अडकून राहतो, कारण दोघं एकच प्रोसेस. २०१८ च्या ईमॅक्स २६ पर्यंत लिस्पमध्ये थ्रेडच नव्हते. तरी 'फॉर'सारख्या रचनेत मध्येच बाहेरचा प्रोग्राम आला तर त्याची वाट पाहायची आणि नंतर उरलेलं काम पुढे चालू करायचं, हे जमवणं भाग होतं. त्यासाठी विग्लींनी लिस्पच्या आतच एक छोटा मूल्यमापक लिहिला, जो सूत्र थोडं थोडं सोडवत जातो आणि मध्ये थांबू शकतो. कोड वाचायला अवघड आहे. पण अभाव कुठे होता हे तो कोड कुठल्याही मुलाखतीपेक्षा स्पष्ट सांगतो.

सगळ्यात जड किंमत पाइपची. युनिक्समध्ये एका प्रोग्रामचं उत्तर दुसऱ्याला थेट कर्नलमार्फत मिळतं, शेल मध्ये नसतो. ईशेलमध्ये ते सगळं ईमॅक्समधून जातं, कारण पाइपच्या एका टोकाला लिस्प फंक्शनही असू शकतं. थोड्या मजकुरासाठी काही वाटत नाही. मोठी फाइल असली की घसरगुंडी. आणि फाइलीतून इनपुट घेण्याची बाणाची खूण तर ईशेलमध्ये चालतच नाही.

जुलै २०२३ च्या ईमॅक्स २९ मध्ये यावर एक नवा भाग आला. पाइपच्या उभ्या रेघेआधी तारांकन लावलं की ईशेल तो पाइप स्वतः सांभाळत नाही, तेवढा तुकडा जसाच्या तसा ऑपरेटिंग सिस्टीमच्या शेलकडे सोपवतो. इनपुटच्या बाणाआधी तारांकन लावलं की तोही चालतो. त्या तुकड्यात 'सीडी' लिहून पाहा: डिरेक्टरी बदलेल, पण त्या तात्पुरत्या मूल-शेलची.